केमो आणि रेडिएशनमध्ये तोंड आल्यास मध कसा वापरावा, आणि मधमाशीचे कोणते पदार्थ टाळावेत

घरात कर्करोगाचे निदान झाले की भेटायला येणारे नातेवाईक फळांबरोबर मधाची बाटलीही आणतात, आणि अलीकडे त्या बाटलीच्या जोडीने रॉयल जेलीच्या (राणीमाशीच्या खाद्याच्या) कॅप्सूल, प्रोपोलिसचे (मधमाश्यांच्या डिंकासारख्या पदार्थाचे) थेंब आणि परागकणांचे डबेही येऊ लागले आहेत. देणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु केमोथेरपीचा त्रास कमी करण्याच्या बाबतीत हे सारे पदार्थ एकाच तागडीत तोलणे धोक्याचे आहे. यांपैकी एकाच पदार्थाला, म्हणजे साध्या मधाला, आणि तोही प्रामुख्याने एकाच तक्रारीसाठी, म्हणजे तोंड येण्यासाठी, अभ्यासांचा बऱ्यापैकी आधार आहे. बाकीच्यांच्या बाबतीत उपचार चालू असताना लाभापेक्षा जोखीम अधिक दिसते. म्हणून या लेखात मधाचा वापर सविस्तर दिला आहे आणि इतर पदार्थांविषयी कारणांसह सावध केले आहे. मध सुरू करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे, कारण रुग्णाच्या रक्ततपासणीचे अहवाल त्यांच्यासमोर असतात.

तोंड का येते, हे आधी समजून घेतले तर पुढच्या सूचनांचा अर्थ लागतो. तोंडाच्या आतील अस्तराच्या पेशी सतत झडत असतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेत असतात. केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर हे अस्तरही सापडते. फाइव्ह-एफयू, मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि मोठ्या मात्रेतील मेल्फालन या औषधांनी हा त्रास अधिक होतो. साधारणपणे औषध दिल्यानंतर पाच ते चौदा दिवसांत तोंडात आग होऊ लागते, अस्तर लाल होते आणि मग व्रण पडतात. डोके-मानेच्या भागाला रेडिएशन चालू असेल तर हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातो आणि उपचार संपल्यानंतरही काही आठवडे रेंगाळतो. तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेकांना शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन व केमो एकत्र दिले जातात. मधाचा सर्वांत चांगला अभ्यास नेमका याच रुग्णांमध्ये झाला आहे.

मलेशियातील केलांतान राज्यातल्या एका विद्यापीठ रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगाच्या 40 रुग्णांवर झालेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना रेडिएशनच्या 15 मिनिटे आधी, 15 मिनिटे नंतर आणि सहा तासांनी, अशा तीन वेळांना 20 मिलिलीटर मध तोंडात घोळवून सावकाश गिळायला दिला गेला. मध घेणाऱ्यांपैकी 20 टक्के रुग्णांना तीव्र स्वरूपाचे व्रण आले, तर न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण 75 टक्के होते. रुग्णसंख्या लहान होती, ही गोष्ट विसरता येणार नाही. मँचेस्टरमध्ये 131 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत न्यूझीलंडच्या महागड्या मानुका मधाची तुलना साखरेच्या पाकाशी केली असता दोहोंत फरक आढळला नाही. असे उलटसुलट निष्कर्ष जमेस धरूनही कर्करोगाच्या सहायक उपचारांची आंतरराष्ट्रीय संघटना, मल्टिनॅशनल असोसिएशन ऑफ सपोर्टिव्ह केअर इन कॅन्सर, हिने 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांत डोके-मानेच्या रेडिएशनमध्ये किंवा केमो-रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून मध सुचवला आहे. ही ठाम शिफारस नव्हे, सूचना आहे. केवळ केमो घेणाऱ्यांसाठी पुरावा याहून कमी आहे, तरी इजिप्तमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या 90 मुलांवर झालेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोंडाला मध लावल्याने मध्यम स्वरूपाचे व्रण लवकर भरून आल्याचे दिसले. त्याच अभ्यासात मध, मेण आणि ऑलिव्ह तेलातील प्रोपोलिस यांचे मिश्रणही वापरले होते. मध्यम व्रणांवर साधा मधच त्या मिश्रणापेक्षा सरस ठरला. मानुकावर हजारो रुपये खर्च करण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत या सगळ्या वाचनातून झाले आहे. ते पैसे रुग्णाच्या प्रथिनयुक्त आहारावर खर्च व्हावेत.

कोणी मध घेऊ नये

मधुमेह असलेल्या रुग्णाने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ही मात्रा सुरू करू नये. दिवसाला 60 मिलिलीटर मध म्हणजे वजनाने सुमारे 84 ग्रॅम होतो आणि त्यातून अंदाजे 250 कॅलरी मिळतात, ज्या जवळजवळ सगळ्या साखरेच्या असतात. शिवाय केमोच्या आधी मळमळ आणि ॲलर्जी टाळण्यासाठी डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडची औषधे दिली जातात, ज्यांनी पूर्वी कधीही मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर वाढू शकते. अशा रुग्णाने मध तोंडात घोळवून थुंकला तरी थोडी साखर पोटात जातेच, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा प्रश्न जंतुसंसर्गाचा आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. रुग्णालयातील भाषेत काउंट पडतो. मधात किण्व (यीस्ट), बुरशी आणि क्लॉस्ट्रिडियम जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते बीजाणू साध्या गरम करण्याने मरत नाहीत. निरोगी प्रौढाच्या पोटाला त्यांचा सहसा त्रास होत नाही, पण एक वर्षाखालील बाळाला मध कधीही देऊ नये, हा नियम याच कारणाने आहे. काउंट फार खाली असताना, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांनी तर विशेषत्वाने, रानातून थेट आणलेला कच्चा मध पूर्णपणे टाळावा. प्रक्रिया केलेल्या मधाबाबतही आपल्या रुग्णालयाचा नियम विचारून तो पाळावा. बऱ्याच विभागांत अशा रुग्णांना आहाराचा छापील तक्ता दिला जातो. त्यात मधाविषयी काय लिहिले आहे ते पाहावे.

मधाची, परागकणांची किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी असलेल्यांनी मध घेऊ नये. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, पाणी पितानाही खोकला येत असेल, तर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा वेळी गिळण्याची तपासणी होईपर्यंत मध तोंडात घोळवू नये.

मध कोणता घ्यावा

कच्चा, डोंगरातला, पोळे पिळून काढलेला मध अधिक गुणकारी असतो, असा आपल्याकडे दृढ समज आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत तो समज बाजूला ठेवावा. आग्या मधमाश्यांचे पोळे पिळून काढलेल्या मधात अळ्यांचे आणि मेणाचे अंश मिसळतात. सातेरी माशीचा मध चवीला उत्तम असला तरी त्यात पाण्याचे प्रमाण बऱ्याचदा अधिक असते, आणि ते 20 टक्क्यांपुढे गेले की मध आंबू लागतो. बाटलीत फेस आला असेल, झाकण उघडताना हवा सुटल्याचा आवाज झाला किंवा आंबूस वास आला, तर तो मध रुग्णाला देऊ नये. मध साखरेसारखा गोठला असेल तर मात्र काळजीचे कारण नाही. ग्लुकोज अधिक असलेला शुद्ध मधही थंडीत गोठतो.

भेसळीचा प्रश्न गंभीर आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर 2020 मध्ये 13 ब्रँडच्या मधाची तपासणी जाहीर केली, तेव्हा त्यांतील 10 ब्रँड परदेशातील प्रगत प्रयोगशाळा-चाचणीत अनुत्तीर्ण झाले होते. पाण्यात थेंब टाकणे, काडी पेटवणे, कागदावर डाग पाहणे अशा घरगुती परीक्षांनी तांदळाच्या पाकाची भेसळ ओळखता येत नाही. म्हणून एफएसएसएआय परवाना क्रमांक, शक्य असल्यास ॲगमार्क, बॅच क्रमांक आणि भरल्याची तारीख असलेली सीलबंद बाटली घ्यावी. महाराष्ट्रात खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि जवळचे मांघर हे गाव 2022 पासून मधाचे गाव म्हणून ओळखले जाते; अशा ठिकाणचा, प्रक्रिया करून भरलेला मध मिळाल्यास उत्तम. मसाले, तुळस, आले किंवा लिंबू घातलेला मध घेऊ नये, कारण आलेल्या तोंडाला हे पदार्थ झोंबतात. रुग्णासाठी लहान बाटली वेगळी ठेवावी आणि घरातील इतरांचा चमचा तिच्यात जाऊ देऊ नये.

प्रत्यक्ष वापर

मध देण्यापूर्वी तोंड स्वच्छ असणे आवश्यक आहे. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा विरघळवावा आणि जागेपणी दर दोन ते चार तासांनी या पाण्याने चुळा भराव्यात. हे पाणी रोज नवे करावे. दात अतिशय मऊ ब्रशने घासावेत. अल्कोहोल असलेले बाजारी माउथवॉश वापरू नयेत. मीठ-सोड्याच्या चुळा ही मूळ काळजी असून मध तिच्यावरची भर आहे. चुळा सोडून केवळ मधावर भिस्त ठेवू नये.

रेडिएशन चालू असल्यास वर सांगितलेले वेळापत्रक (15 मिनिटे आधी, 15 मिनिटे नंतर आणि सहा तासांनी) पाळावे. 20 मिलिलीटर म्हणजे साधारण चार लहान चमचे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण वापरले तर अंदाज चुकत नाही. रुग्णालयात नंबर कधी लागेल हे बहुधा सांगता येत नाही, म्हणून मोजलेला मध छोट्या स्वच्छ डबीत बरोबर न्यावा आणि तंत्रज्ञ पुढच्या खेपेला बोलावणार असे सांगतील तेव्हा पहिली मात्रा द्यावी. मध घेतल्याचे तंत्रज्ञांना सांगावे, आणि चेहऱ्यावर डोके स्थिर ठेवणारा मास्क बसण्यापूर्वी तोंडात काही उरलेले नाही याची खात्री करावी. केवळ केमो चालू असेल तर असे ठरलेले वेळापत्रक अभ्यासांतून मिळत नाही. डॉक्टरांच्या संमतीने चुळा भरल्यानंतर दिवसातून तीन वेळा एक ते दोन चमचे मध व्रणांवरून फिरवणे हा संयमी मार्ग आहे.

माझ्या काकांना जिभेच्या कर्करोगासाठी केमो-रेडिएशन चालू असताना त्यांची शुश्रूषा मी जवळून केली आहे. चौथ्या आठवड्यात त्यांच्या जिभेची कड सोलवटली होती, लाळ दाट आणि तारेसारखी झाली होती आणि स्टीलच्या चमच्याचा काठ ओठाला लागला तरी ते मान मागे घेत. मध आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण चारच्या आसपास असतो, त्यामुळे उघड्या व्रणावर तो सुरुवातीला चुरचुरतो. आम्ही सम प्रमाणात उकळून गार केलेले पाणी मिसळून, सुई काढलेल्या 10 मिलिलीटरच्या नव्या सिरिंजने तो गालाच्या आतल्या बाजूला थेंबथेंब सोडत असू. ते डोके किंचित पुढे झुकवून बसत आणि जीभ हळूच या गालाकडून त्या गालाकडे फिरवत. एक मात्रा संपायला बराच वेळ लागे, पण ती टिकत असे. डोके मागे टेकवून किंवा आडवे झोपून मध कधीही देऊ नये. पाणी मिसळलेला मध साठवू नये, कारण पातळ झाला की त्याचा टिकाऊपणा जातो. प्रत्येक वेळी ताजा कालवावा. गरम दुधात किंवा गरम पाण्यातही तो घालू नये: उष्णतेने आलेले तोंड अधिक पोळते आणि मधातील जंतुरोधक गुण देणारे विकर (एन्झाइम) नष्ट होते.

मध घेतल्यावर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये, जेणेकरून तो अस्तरावर राहील. त्यानंतर मात्र साध्या पाण्याने चूळ भरावी, विशेषतः रात्रीच्या मात्रेनंतर. रेडिएशनने लाळ कमी होते आणि लाळ कमी झालेल्या तोंडात साखर राहिली तर दात फार झपाट्याने किडतात. किडलेला दात पुढे काढावा लागला तर जबड्याच्या हाडाची जखम भरून न येण्याचा धोका असतो, इतका हा विषय गंभीर आहे. रेडिएशनपूर्वी दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी आणि त्यांनी सांगितलेले फ्लोराइड नियमित वापरावे.

मधाच्या जोडीने आहारात मऊ, थंड किंवा कोमट पदार्थ असावेत: पेज, फोडणीशिवाय मुगाचे वरण-भात, नाचणीचे सत्त्व, शिजवून घोटलेल्या भाज्या, पूर्ण शिजवलेले अंडे. ठेचा, लोणचे, लिंबू, टोमॅटोचे सार आणि कोरडी भाकरी काही दिवस बाजूला ठेवावी. फाइव्ह-एफयूचे इंजेक्शन एकदम दिले जात असेल तर त्या वेळी सुमारे अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे चघळणे हा मधाहून अधिक भक्कम पुराव्याचा उपाय आहे. मात्र सोबत ऑक्झालिप्लॅटिन चालू असेल तर थंडीने झिणझिण्या आणि घशाला त्रास होतो, म्हणून आधी परिचारिकेला विचारावे.

रॉयल जेली, प्रोपोलिस, परागकण आणि मेण

रॉयल जेलीने दम्याचा तीव्र झटका आणि जीवघेणी ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियात मृत्यूही झाले आणि तेथे अशा उत्पादनांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. तिच्यातील काही घटक प्रयोगशाळेत इस्ट्रोजेनसारखा सौम्य परिणाम दाखवतात, म्हणून हार्मोन-संवेदनशील स्तनकर्करोगाच्या रुग्णांनी ती घेऊ नये. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनीही तिच्यापासून दूर राहावे.

प्रोपोलिस हा मधमाश्यांनी झाडांच्या डिंकापासून बनवलेला चिकट पदार्थ आहे. त्याच्या चुळांचे छोटे अभ्यास आहेत, परंतु तो त्वचा आणि श्लेष्मल अस्तराची ॲलर्जी वारंवार निर्माण करतो, आणि बाजारातील अनेक अर्क अल्कोहोलमध्ये असतात, जे आलेल्या तोंडाला असह्य होतात. केमोच्या अनेक औषधांचा यकृतातील ज्या विकरांमार्फत निचरा होतो, त्यांच्यावर प्रोपोलिसचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. परागकणांनी अंगावर पित्त उठण्यापासून ते रक्तदाब कोसळण्यापर्यंत प्रतिक्रिया होऊ शकतात. काउंट कमी असताना ते कच्चे खाण्यात जंतूंचाही धोका आहे.

पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी खास मध म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या बाटल्यांविषयीही सावध राहावे. इस्रायलमधील 2006 च्या ज्या अभ्यासाचा आधार दिला जातो त्यात 30 रुग्ण होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. डॉक्टरांनी काउंट वाढवण्याचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते मधाच्या भरवशावर चुकवू नये. मळमळीच्या गोळ्यांनाही हेच लागू आहे.

मेणाचा उपयोग साधा आणि मर्यादित आहे. फुटलेल्या ओठांवर मेण व खोबरेल तेलाचे सुगंधरहित मलम पातळ लावता येते. ते रेडिएशनच्या वेळी ओठांवर असू नये. केमोने हात-पाय लाल होऊन सोलवटत असतील तर मेणापेक्षा युरियायुक्त क्रीम अधिक उपयोगी असते. सलाईनची नळी किंवा पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवलेले साधन) यांच्या जागी, तसेच शस्त्रक्रियेच्या वा रेडिएशनच्या उघड्या जखमेवर स्वयंपाकघरातील मध लावू नये. जखमांसाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध वेगळा मिळतो आणि तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच वापरायचा असतो.

कधी थांबावे आणि कधी धाव घ्यावी

मध घेतल्यावर ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, अंगावर पित्त, छातीत घरघर किंवा घसा आवळल्यासारखे वाटले तर तो तत्काळ बंद करून आपत्कालीन विभाग गाठावा. ताप 100.4 अंश फॅरनहाइटला पोहोचला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नये. काउंट कमी असताना ताप ही मध्यरात्रीही रुग्णालयात नेण्याची बाब आहे. तोंडात दह्यासारखे पांढरे थर दिसले तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्याला बुरशीविरोधी औषधच लागते. रक्त येणे, पाणीही न गिळता येणे, लघवी कमी होणे किंवा वेदनेने झोप न लागणे, यांपैकी काहीही झाल्यास वेदनाशामक, सलाईन किंवा काही काळासाठी नाकातून अन्न देण्याची नळी यांचा निर्णय डॉक्टरांना वेळीच घेता यावा म्हणून लगेच कळवावे.

रुग्णाच्या फाइलमध्ये एक कोरा कागद लावून ठेवावा. त्यावर मध कोणत्या तारखेला सुरू केला, बाटलीचा ब्रँड आणि बॅच क्रमांक, रोजच्या मात्रा, वजन, मधुमेह असल्यास साखरेच्या नोंदी, आणि त्या दिवशी रुग्णाने घट्ट अन्न खाल्ले, पातळच घेतले की काहीच घेतले नाही, एवढे लिहावे. तोंड येण्याची श्रेणी डॉक्टर बऱ्याच अंशी याच माहितीवरून ठरवतात. घरात आणलेली पण न वापरलेली रॉयल जेली किंवा प्रोपोलिसही पुढच्या भेटीत लेबलसह दाखवावे.